बेटावर कावळ्याला मारलेली हाक

कनकाला कोडियक्करईला जायला मिळणार की नाही, हे त्या रविवारी ठरायचं होतं, आणि ठरवायचं गोदाक्कांनी होतं.

कनका ही गोदाक्कांच्या धाकट्या भावाची, राममूर्तींची, एकुलती एक मुलगी. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून वर्षभर घरी बसली होती. घरी म्हणजे मंदवेळीला, मद्रासच्या त्या भागात, जिथे तेव्हा दोन घरांमध्ये एक नारळीचं झाड असायचंच आणि खिडकी उघडी टाकली की समुद्राचा वारा येऊन देवघरातला दिवा विझवून जायचा. कोडियक्करई तिथून खूप खाली, तंजावरच्याही पलीकडे, जिथे किनारा कोपरात हात दुमडावा तसा एकदम वळतो. तिथे उत्तरेकडून येणारे पाणपक्षी जाळ्यात धरून, पुढे कुठे दिसले तर ओळखता यावेत म्हणून पायात कडी घालून पुन्हा सोडून देतात. त्या कामावर दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत राहायला कनकाला बोलावणं आलं होतं. राहायला खोली मिळणार होती, थोडा पगार मिळणार होता, आणि होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता.

राममूर्ती एग्मोरच्या रेल्वे कचेरीत हेडक्लार्क. हो म्हणायला भीती वाटली आणि नाही म्हणायला जीव झाला नाही, तेव्हा त्यांनी कचेरीत शोभेल असं उत्तर दिलं. "अक्का तुझ्याबरोबर जाऊन राहायला तयार असेल तर जा. नाहीतर नको."

कनकाची आई सुंदरी गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घातलं ते गोदाक्कांनी. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन त्या भावाकडे आल्या होत्या आणि आता साठी ओलांडली होती. दोन्ही गुडघे कुरकुरत होते. मनातल्या मनात त्यांचं नाही ठरून गेलं होतं. एवढ्या लांब, खारट वाऱ्यात, डासांत, आणि तेही सहा महिने! पण न बघता नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भाजीवालीची वांगीसुद्धा त्या हातात घेऊन, उलटीसुलटी करून, देठ दाबून बघायच्या आणि मगच नको म्हणायच्या.

"दर रविवारी पहाटेचं उठून जातीस कोठे गे तू?" शनिवारी रात्री जेवताना त्यांनी घरातल्या जुन्या तंजावरी मराठीत विचारलं. "ते मज दाखीव एकदा."

कनकाच्या हातातला घास तसाच राहिला. "खरंच येतेस, आत्या? बेटावर जावं लागतं. कट्टुमरमवर बसून."

"का? त्यावर बायका बसल्या तर बुडतं काय ते?"

त्या वर्षांत अड्यार नदीचं मुख आजच्यासारखं गप्प पडलेलं नव्हतं. मुखाशी वाळूची आणि चिखलाची बेटं तयार व्हायची, एका पावसाळ्यात वाहून जायची, दुसऱ्या साली थोडी सरकून पुन्हा वर यायची. पलीकडे समुद्राच्या बाजूला वादळात मधोमध मोडलेला पूल होता, त्यावर जोडपी बसायची. अलीकडे कोळ्यांची वस्ती. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरायचं आणि ओहोटीला चिखल उघडा पडायचा. त्या चिखलावर आश्विन लागायच्या सुमाराला इतके पक्षी उतरायचे, की लांबून वाटावं कुणी धान्य वाळत घातलंय.

गोदाक्का नेहमीसारख्या अंधारातच उठल्या, आंघोळ केली, मूठभर भात शिजवला. महालय पक्ष चालू होता. एरवीही कावळ्याला घास टाकल्याशिवाय त्या तोंडात पाणी घालत नसत, मग पितरांच्या पंधरवड्यात तर बोलायलाच नको. दहीभाताचा डबा भरला. वेगळ्या केळीच्या पानात कावळ्याचा घास बांधला, नुसता भात, वर तूप आणि चार तीळ. पितळी कूज्यात घरचं पाणी घेतलं.

"एवढं सगळं?" कनका म्हणाली. "आपण दहापर्यंत परत येऊ की."

"दहापर्यंत कावळा उपाशी राहील काय?"

कोळी कुप्पन म्हातारा होता. ओठात विडी धरून तो बोलायचा, आणि ती कधी पेटलेली नसायची. गोदाक्कांना बघून त्यानं आपली मासळीची टोपली उपडी घातली आणि कट्टुमरमच्या एकत्र बांधलेल्या ओंडक्यांवर मधोमध ठेवली.

"बसा पाट्टीम्मा, सिंहासन आहे."

"वास येतो रे सिंहासनास."

"मग उभ्या राहा. मासे खालून बघतील आणि म्हणतील, ही कुठली देवी चालली वरून."

गोदाक्का बसल्या. सोवळंओवळं त्यांनी किनाऱ्यावरच सोडलं होतं. वाहत्या पाण्यावर आणि वाळूवर दोष नाही, असं त्यांच्या वडिलांनी एकदा वेदारण्याच्या वाटेवर सांगितलं होतं, आणि सोयीचं वाक्य म्हणून त्यांनी ते जन्मभर जपून ठेवलं होतं. दोन लाटांत नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. रंग फिका, मातकट, वाळलेल्या चिखलासारखा. चाळीस वर्षं त्या असलेच रंग नेसत आल्या होत्या. आधी नेसावे लागले म्हणून, आणि पुढे दुकानदार दुसरं काही दाखवीनासे झाले म्हणून.

बेट म्हणजे काही फार नव्हतं. वाळूचा एक लांबट उंचवटा, त्यावर खारट गवताची झुलपं, आणि समुद्राच्या बाजूला उतरत गेलेला चकचकीत चिखल. कुप्पन त्यांना उतरवून जाळं टाकायला निघून गेला. गवताच्या एका झुलपामागे कनकानं चादर अंथरली.

"आता बोलायचं नाही, आत्या. हळू बोललं तर चालेल. उभं राहायचं नाही, हात हलवायचे नाहीत."

"शिंक आली तर?"

"गिळायची."

उजाडायला लागलं. समुद्राच्या वरची पट्टी आधी राखाडी, मग केशरी झाली. गोदाक्कांना समोर नुसता चिखल दिसत होता. मग तो चिखल हलला. जिथे काहीच नव्हतं तिथे शेकडो बारीक पाय तुरुतुरु पळत होते, थांबत होते, चोच खुपसत होते, पुन्हा पळत होते. मुंबईहून मागवलेली दुर्बीण कनकानं त्यांच्या हातात दिली. गोदाक्कांनी चष्म्यावरच ती लावली आणि बराच वेळ बघितलं.

"काय दिसतंय?"

"माझ्याच पापण्या दिसालागल्या. चांगल्या लांब आहेत."

कनका तोंडावर हात ठेवून हसली. मग तिनं चष्मा काढून दिला, दुर्बिणीचं चाक फिरवून दिलं, आणि अचानक गोदाक्कांच्या पुढ्यात एक पक्षी येऊन उभा राहिला. चिमणीच्या दुप्पट असेल. पाठीवर करड्या खवल्यांसारखी नक्षी, पोट पांढरं, आणि चोच टोकाला किंचित वाकलेली, दाभणासारखी. त्याच्या डोळ्यात सूर्य दिसत होता.

"हे काय गे?"

कनकानं इंग्रजी नाव सांगितलं.

"आपल्यात काय म्हणतात?"

"आपल्यात ठाऊक नाही, आत्या. तमिळमध्ये उळ्ळान. सगळ्यांनाच उळ्ळान म्हणतात. मुंबईकडच्या मराठीत तुतवार म्हणे, पुस्तकात बघितलं."

"तुतवार," गोदाक्कांनी जिभेवर घोळवून बघितलं. "हं. बरं आहे. सोवळं नेसून भराभर चाललेल्या भटजीसारखं चालतं की."

अशी सकाळ सावकाश वर सरकत राहिली. घरी या वेळेला गोदाक्कांचं दूध तापून, भाजी निवडून, कामवालीशी एक भांडण होऊन गेलेलं असायचं. इथे काहीच होत नव्हतं. सुरय पक्षी पाण्यावर गोते मारत होते. लांब लाल पायांचे दोन शेकाटे चिखलातून असे चालत होते, जणू जमिनीला हात लावायचा विटाळ आहे. वारा पडला होता. गोदाक्कांना वाटलं होतं आपल्याला कंटाळा येईल. तो काही आला नाही, म्हणून त्यांना थोडा रागच आला.

"हे आले कुठून?"

"सैबेरियाहून. तिथे बर्फ पडायच्या आधी निघतात."

"आईबापांबरोबर?"

"नाही. आईबाप आधीच निघून येतात, आषाढ-श्रावणात. पिल्लं तिथेच राहतात, पंखात बळ येईपर्यंत. मग ती आपली आपण येतात, मागाहून. समोर बघ, पाठीवर खवले आहेत ना, ती सगळी या वर्षीची पिल्लं."

"वाट कोण दाखवतं?"

"कुणीच नाही."

गोदाक्कांनी दुर्बीण खाली केली आणि भाचीकडे बघितलं. "हे मज मुद्दाम सांगालागलीस तू."

"अय्यो, नाही आत्या! पुस्तकात आहे."

"पुस्तकात पुष्कळ असतं. तिथे, कोडियक्करईला, पाणी कसलं?"

"विहीर आहे. थोडं मचूळ."

"म्हणजे खारट. डाळ शिजणार नाही. दार आतून कडी लागणारं आहे?"

"असेल."

"असेल म्हणजे नाही. काम करणारे पुरुष किती?"

"आहेत तिघं-चौघं. एकाची बायकोही राहते तिथे. कृष्णवेणी नाव. तीच स्वयंपाक करते सगळ्यांचा."

"आणि मी आले तर दिवसभर करायचं काय? ती कृष्णवेणी मला चुलीपाशी येऊ देणार?"

कनका समोर बघत राहिली. तिची मान सुंदरीसारखी बारीक होती आणि अडचणीत सापडली की सुंदरीसारखीच ती अंगठ्याचं नख दुसऱ्या नखानं खरवडायची. मग हळूच म्हणाली, "मी पहाटे जाळ्यांवर जाईन, दुपारी येईन, पुन्हा संध्याकाळी जाईन. तू खोलीत बसशील. मला माहीत आहे, आत्या, हे काही तुला मागण्यासारखं नाही. पण अप्पांनी तेवढं एकच दार उघडं ठेवलंय."

गोदाक्कांनी त्या दारातून आत डोकावून बघितलं. कोडियक्करईला लागूनच असलेल्या वेदारण्याची त्यांना आठवण होती, लहानपणी अमावास्येच्या समुद्रस्नानाला वडील सगळ्यांना घेऊन जायचे तेव्हाची. मिठागरांचे पांढरे ढीग, रानात मोकळे फिरणारे घोडे, आणि वारा असा, की वाळत घातलेलं लुगडं दोघींनी टोकं धरून बसावं. तिथे एका खोलीत बसून त्या दाराची कडी राखणार होत्या. घरी राममूर्तीला कोण बघणार? त्याला तर चहासुद्धा गाळता येत नाही, चोथ्यासकट पितो. नाही म्हणायचं कसं, याची वाक्यं त्यांच्या मनात जुळत गेली.

थोड्या वेळानं कनकानं दुर्बीण डोळ्याला लावली आणि ती एकदम पुढे झुकली.

"आहे! आत्या, आला! मागच्या रविवारी मला एकाच्या पायात काहीतरी चमकल्यासारखं वाटलं होतं. कडी असणार. पण पुन्हा दिसेना, तेव्हा वाटलं भास झाला. आता तिकडे टोकाला चमकलं. मी रांगत जाऊन बघते. तू इथेच बस. हलू नकोस हं, प्लीज."

आणि ती खरंच रांगत गेली, कोपरांवर, सव्वीस वर्षांची पोर, पंजाबी ड्रेसला चिखल माखत. अधूनमधून थांबून ती मागे बघत होती. गोदाक्कांना आधी वाटलं, पक्षी कुठे आहेत ते बघते आहे. मग लक्षात आलं, की ती त्यांनाच बघते आहे. ऊन लागतंय का, पाण्याचा कूजा हाताशी आहे का, आत्या नीट बसली आहे का. एकदा तर तिनं हातानं खूण केली, पदर डोक्यावर घे. त्या खुणेनं जवळचे दोन पक्षी उडाले आणि कनकानं कपाळाला हात लावला.

ऊन वर आलं. पोटात कावळे ओरडायला लागले, आणि त्यावरून गोदाक्कांना खऱ्या कावळ्याची आठवण झाली. त्यांनी केळीच्या पानाची पुडी सोडली. इतके पक्षी होते, पण कावळा एकही नव्हता. एरवी मंदवेळीच्या गच्चीवर पाऊल टाकायचा अवकाश, कठड्यावर रांग लागायची. इथे वर आभाळ रिकामं. पितर इथे कसे येणार? या पक्ष्यांना तर अजून उपाशी असलेल्या आपल्या भावजयीची ओळखही नसेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. सुंदरीचा घास त्या रोज टाकायच्या, राममूर्तीला न सांगता, स्वतःच्या नवऱ्याच्या घासाशेजारी. त्याचा चेहरा त्यांना आता नीटसा आठवत नव्हता. सुंदरीचा आठवायचा.

आणि ही पोर चिखलात पालथी पडलेली. आपण तोंडात काही घालणार नाही, तर तीही घालणार नाही.

गोदाक्कांनी पान वाळूवर ठेवलं, त्याभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं, गच्चीवरून दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारली.

"का... का... का... का!"

आवाज त्यांच्या तोंडून निघाला, आणि तो किती मोठा होता हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

वस्तीच्या बाजूनं उत्तर आलं. आधी एक कावळा. मग चार. मग मासळी वाळत घातलेल्या जाळ्यांवरचे सगळेच्या सगळे, काळी चादर झटकावी तसे पाण्यावरून आले, आणि हा कसला गोंधळ म्हणून त्यांच्या मागून एक लाल पंखांची घार. चिखल एका क्षणात रिकामा झाला. सगळे पाय, सगळ्या चोची एकदम हवेत. ते वर एकत्र वळले, पांढरे झाले, पुन्हा वळले, काळे झाले, आणि मोडक्या पुलावरून निघून गेले. खाली कावळे एका मुठीच्या घासासाठी मारामारी करत होते.

गोदाक्का जोडलेल्या हातांनी तशाच बसून राहिल्या.

कनका आता उभी राहून चालत आली. तिच्या कपाळाला, नाकाला चिखल. डोळे भरलेले दिसत होते. गोदाक्कांनी मनाची तयारी केली. आता ही ओरडणार, आणि ओरडली तर आपल्याला नाही म्हणायला सोपं जाईल, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलावं.

कनका गुडघ्यांवर बसली, रिकाम्या पानाकडे बघितलं.

"शिवला ना कावळा?"

"शिवला."

"आईचाही होता त्यात?"

गोदाक्कांनी चमकून वर बघितलं. "तुज कोणी सांगितलं?"

"तू रोज दोन घास टाकतेस, आत्या. मला मोजता येतं की." तिनं बाहीनं नाक पुसलं, चिखल आणखी पसरला. "मग बरं झालं. आता आपण जेवू शकतो."

"तुझा तो कडीवाला?"

"गेला."

"मी घालवला."

"हो," कनका म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. "काय हाक मारलीस, आत्या! थिरुवान्मियूरपर्यंत गेली असेल. त्या पुलावरची जोडपी उठून पळाली असतील."

दहीभात खाताना दोघी हसत होत्या, आणि गोदाक्कांची नजर मात्र रिकाम्या चिखलाकडे जात होती. घोटभर पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "परत येतील काय ते?"

"भरती चढतेय. बाकीचा चिखल बुडेल, मग उभं राहायला एवढं बेटच उरतं. येतील कदाचित. पण अगदी दगडासारखं बसावं लागेल. तू दमलीस. कुप्पनला बोलावते मी."

"कुप्पनला काही बोलावू नकोस. आणि तू तिथेच जा, टोकाला. माझ्याकडे एकदाही वळून बघायचं नाही. बघितलंस तर बोलणार नाही मी तुझ्याशी."

मग गोदाक्का बसल्या. झुलपाच्या पुढे, उघड्यावर, वाळूत मांडी घालून. पदर डोक्यावरून घेतला आणि हात मांडीत ठेवले. बसणं त्यांना येत होतं. एकादशीला, श्रावणी सोमवारी, नवरा गेल्यावर मागच्या खोलीत वर्षभर त्या बसल्याच होत्या. इथे मात्र कुणी बसवलेलं नव्हतं. घाम कानामागून मानेवर आला. तळहाताएवढा एक खेकडा बिळातून निघून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर चढला, विचार करून उतरला. गुडघ्यात कळ सुरू झाली आणि मग गुडघा आहे की नाही तेच कळेना.

पाणी चढलं. पक्षी एकेकटे आले, मग झुबक्यानं, मग सगळे. वाळलेल्या चिखलाच्या रंगाची ती बाई त्यांना वाळूचाच एक ढिगारा वाटली असावी. पाणी मागे लागलेलं, म्हणून ते वर सरकत आले, आणि हळूहळू गोदाक्कांच्या चारही बाजूंना झाले. कुणी एका पायावर उभं राहून चोच पाठीत खुपसून झोपलं. इतक्या जवळ, की पिसं वाऱ्यानं उलटी होताना दिसत होती. दुर्बीण नको, काही नको. बारीक बारीक, कुजबुजल्यासारख्या आवाजात आपसात बोलत होते ते पक्षी. न्हाणीघराबाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायका बोलतात तसे.

आणि त्यांच्यात तो होता. लुगड्याच्या काठापासून हातभर अंतरावर. बाकीच्यांच्या पाठीवर नवी नक्षी होती. याची पाठ साधी, राखट, छातीवर जुन्या तांबड्या पिसांचे डाग राहिलेले. उजव्या पायात बारीकशी चांदीच्या रंगाची कडी. बाळाच्या पायातल्या वाळ्यासारखी. ती त्याला ना जड होती ना हलकी. त्यानं ती कडी असलेल्या पायानंच मान खाजवली.

गोदाक्कांनी श्वास अर्धा घेतला. कुणीतरी याला हातात धरलं असेल, बोटांत. केवढं काळीज धडधडलं असेल त्याचं. आणि मग ती बोटं उघडली असतील.

टोकाला कनका पालथी होती, दुर्बीण लावून. तिनं एकदाही वळून गोदाक्कांकडे बघितलं नाही. म्हणजे तिनं त्यांच्याकडेच बघितलं, पण त्यांना नाही बघितलं. दुर्बीण अगदी त्यांच्या पायांवर रोखलेली होती आणि पोर त्यांना विसरून गेली होती. साफ विसरली होती. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गोदाक्कांना वाटलं होतं हे दुखेल, आणि थोडं दुखलंही. पण त्याहून जास्त काय वाटलं म्हणाल, तर न्हाऊ घातलेलं मूल पहिल्यांदा भिंत सोडून चालतं आणि मागे न बघता पुढच्या खोलीत जातं, तेव्हा वाटतं ते.

कुप्पन आला तेव्हा पक्षी उडाले. गोदाक्कांना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उठवावं लागलं.

"पाट्टीम्मा, अंडी घालत होता का?" कुप्पन म्हणाला. "मी लांबून बघितलं, सगळे उळ्ळान तुमच्याभोवती. मला वाटलं आता उबवूनच उठणार."

"गप रे. उजव्या पायात होती गे, कनका."

"बघितली, आत्या! स्पष्ट बघितली!" पोर नाचायचीच बाकी होती. "तू हलली नाहीस म्हणून. तुझं लुगडं! मी हजार रुपये दिले तरी असं कापड मिळणार नाही."

"नको मिळायला," गोदाक्का म्हणाल्या.

पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "मी काही येणार नाही हं कोडियक्करईला."

कनकाचा चेहरा पडला. तो पडताना गोदाक्कांना बघवला नाही, म्हणून त्यांनी पाण्याकडे बघत पुढचं सांगितलं. "तू जाणार आहेस. मी नाही."

"पण अप्पा..."

"मी तिथे आले तर तू पक्षी बघशील की मला? सकाळपासून रांगताना मागे वळूनवळून बघीत होतीस, ऊन लागलं का, पाणी प्याली का. सहा महिने असं करशील तर एक पक्षी धड दिसणार नाही तुला. आणि माझं काय सांगावं, कावळा दिसला नाही की मी पुन्हा हाक मारीन. तुझे साहेब मला खाडीत ढकलतील."

कुप्पनला मराठी काही कळत नव्हतं, पण कनकानं गोदाक्कांच्या गळ्यात हात टाकले तशी कट्टुमरम डुलली, आणि ते त्याला बरोबर कळलं. "रडायचं ते काठावर!" तो ओरडला. "इथे आधीच पाणी पुष्कळ आहे!"

घरी राममूर्ती पेपर घेऊन दारातच बसले होते. सकाळपासून तेच पान त्यांच्या मांडीवर होतं. भिजलेलं लुगडं आणि चिखल माखलेली मुलगी बघून ते उठून उभे राहिले.

"काय अक्का, पाहिलंस?"

"पाहिलं. तार कर त्यांना. येते म्हणून."

राममूर्तींनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे तू बरोबर जातेस."

"मी कशाला? मज काय तिथे पगार देणार आहेत?"

"पण अक्का, मी तर म्हटलं होतं..."

"तू म्हटलंस की अक्का ठरवील. अक्कानं ठरवलं. तिथे कृष्णवेणी म्हणून एकाची बायको राहते, तिला मी पत्र लिहीन. दाराला आतून कडी बसवून घ्यायची, ते कामावरच्यांना तू लिही, कचेरीच्या कागदावर, म्हणजे घाबरतील. पाणी मचूळ आहे, डाळीत थोडा सोडा घालायचा, हे मी कनकाला सांगीन."

राममूर्ती मुलीकडे बघत होते. तिच्या नाकावरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. "एकटी?" ते म्हणाले. नाही म्हणत नव्हते, नुसतं विचारत होते, अगदी हळू. "लोक काय म्हणतील, अक्का?"

"लोकांना म्हण, गोदाक्कानं पाठवलं. मग माझ्याशी येऊन बोलतील. कोण येतंय बघू." त्या पायरीवर बसल्या आणि गुडघा चोळायला लागल्या. "आणि पौषात, तै अमावास्येला मी जाणार आहे वेदारण्याला समुद्रस्नानास. माझं तिकीट काढून ठेव. चार दिवस राहीन तिच्याकडे, पाहुणी म्हणून. राखण करायला नव्हे."

"आज रविवार," राममूर्ती म्हणाले. "पोस्ट बंद."

"एग्मोर स्टेशनात तार घेतात. तूच सांगतोस रोज."

राममूर्ती उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मग आत जाऊन शर्ट घालून आले. बटण एक वर एक खाली लागलं होतं. कनका पुढे झाली आणि तिनं ते काढून नीट लावलं, आणि त्यांनी तिला लावू दिलं.

"काय लिहू?" त्यांनी दारातून विचारलं.

"येते आहे म्हणून लिही," गोदाक्का म्हणाल्या. "आणखी काही नको. शब्दाला पैसे पडतात."

कनका अप्पांबरोबर बसस्टॉपपर्यंत निघाली, तशीच, चिखलाच्या कपड्यांत. गोदाक्का पायरीवरून बघत राहिल्या. कोपऱ्यावर पोचल्यावर बाप काहीतरी म्हणाला आणि मुलगी हात पसरून, केवढा, किती जवळ, असं काहीतरी दाखवत सांगायला लागली. वळणावर दोघं दिसेनाशी झाली, तरी तिचा आवाज बराच वेळ येत होता.